टोपीखालचे पाते

गेल्या आगमनकाळातील ही गोष्ट. नाताळ दहा-बारा दिवसांवर येऊन ठेपला होता. गावातील तरुण मंडळी गव्हाणीसाठी बांबू आणि पेंढा गोळा करीत होती आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांतून तळणीचा वास रस्त्यापर्यंत दरवळत होता. अशा एका सकाळी आमच्या थोरल्या बंधूंचा नातू बगलेत एक विमान घेऊन ओटीवर आला आणि ते अलगद आमच्यापुढे ठेवून म्हणाला, "धाकटे आजोबा, विमान तयार आहे. फक्त नाक राहिलंय. तेवढं तुम्ही बसवून द्या."

नातू अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हलक्या बाल्सा लाकडाचे, पाच फूट पंखांचे हे विमान त्याने वर्षभर रात्री जागून बांधले होते. पुढे साडेसहा सीसीचे जुने पण चांगले इंजिन होते आणि त्याच्या दांड्यावर दहा इंच लांबीचा, दोन पात्यांचा प्रोपेलर. विमान नजरेत भरण्याजोगे होते, परंतु प्रोपेलरच्या मध्यावर नट आणि वॉशर उघडे दिसत होते आणि त्यामुळे चेहरा थोडा ओबडधोबड वाटत होता. ते झाकण्यासाठी त्याने एक लालभडक, चकचकीत शंकू आणला होता. विमानवाल्यांच्या भाषेत त्याला 'स्पिनर' म्हणतात. आम्ही त्याला टोपी म्हणू.

आम्ही आयुष्याची पस्तीस वर्षे कारखान्यात फिटर म्हणून काढली. एवढेसे काम आमच्याकडे यावे यात नवल नव्हते. ओटीच्या दुसऱ्या टोकाला आरामखुर्चीत दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, वर्तमानपत्र डाव्या डोळ्याजवळ धरून वाचत बसले होते. उजव्या डोळ्याने त्यांना 1974 सालापासून नीट दिसत नाही. त्यांनी वर न पाहता नातवाला फक्त एवढेच बजावले, "नट फार आवळू नकोस हो. लाकूड असो की प्लॅस्टिक, फार आवळलं की आतून फाटतं." हे वाक्य दादा गेली पन्नास वर्षे म्हणत आले आहेत. ते ऐकले की आम्ही नेहमी दुसरीकडे पाहतो. त्या सकाळीही पाहिले.

वाचकहो, ही टोपी दिसते तेवढी बिनकामाची नसते. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधू उडाले तेव्हा त्यांच्या विमानाला टोपी नव्हती, हे खरे. त्यांचे प्रोपेलर स्प्रूस लाकडाचे थर चिकटवून हाताने कोरलेले होते आणि तेवढ्यावर काम भागले. पुढे वेगाची हाव वाढली. 1913 साली फ्रान्समधील रँस येथे देपर्दुसाँ कंपनीच्या ज्या विमानाने ताशी 200 किलोमीटरचा वेग ओलांडून शर्यत जिंकली, त्याच्या नाकावर भली मोठी गोल टोपी होती. तिच्यावरून वारा अडखळल्यावाचून मागे सरकत असे. परंतु टोपीचा हव्यास अंगाशी येतो हेही लवकरच कळले. पहिल्या महायुद्धातील मोरान-सोल्निए 'एन' या विमानाला एवढी मोठी टोपी घातली होती की लोक तिला 'कॅसरोल', म्हणजे रांधायचे भांडे, म्हणत. तिने इंजिनाचा वाराच अडवला आणि इंजिने तापू लागली. मग ती काढून टाकली. वेगात फारशी घट झाली नाही आणि इंजिने मात्र थंड राहिली. छोट्या विमानांत टोपीचा आणखी एक उपयोग असतो. इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या स्टार्टरची रबरी वाटी तिच्या टोकावर दाबून धरता येते, त्यामुळे हाताचे बोट पात्याजवळ न्यावे लागत नाही. म्हणजे टोपी शोभेची असते आणि कामाचीही. अट एकच, ती केंद्रावर बसली पाहिजे.

आम्ही कामाला बसलो. टोपीचे दोन भाग असतात. मागे एक सपाट चकती आणि पुढे शंकू. दोहोंच्या मध्ये प्रोपेलर. चकती इंजिनाच्या दांड्यावर बसते आणि शंकूला दोन खाचा असतात, त्यांतून पाती बाहेर येतात. चकतीचे भोक दांड्यापेक्षा बारीक होते. नातू ड्रिल घेऊन धावला, तेव्हा आम्ही त्याला थांबविले. ड्रिल वाहवते आणि भोक केंद्रापासून केसभर जरी सरकले तरी टोपी डुगडुगते. अशा कामाला हाताने फिरवायचा रीमर हवा. तो थोडे थोडे, चारी बाजूंनी सारखे खरवडतो. आम्ही ग्लो-प्लग काढून ठेवला, म्हणजे दांडा हाताने सैल फिरतो, आणि प्रोपेलर उतरवून हातात घेतला.

आणि आमचा हात तेथेच थबकला.

दोन्ही पात्यांच्या मुळाशी कानशीचे ओरखडे होते. शंकूच्या खाचा अरुंद होत्या आणि पाती मुळाशी जाड. दोन्ही एकत्र बसेनात. खाच मोठी करावी तर टोपीचा लाल रंग खरवडला जाणार, म्हणून नातवाने पात्यांची मुळे घासून बारीक केली होती. एका पात्यावर कानस घसरून आडवा चरा पडला होता. नखाने चाचपला तर नख अडकत होते.

"हे काय केलंस?" आम्ही विचारले.

तो ओशाळला नाही. तो सहज म्हणाला, "थोडंसंच घासलंय. आणि टोपी बसली की ते दिसणार कुठे आहे?"

हे वाक्य आम्ही पूर्वी एकदा ऐकले होते. आमच्याच मनात.

1974 सालची ती गोष्ट. दादा एकोणीस वर्षांचे होते आणि आम्ही पंधरा. जहाजावर नोकरीला असलेल्या आमच्या मामांनी परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून अडीच सीसीचे एक छोटे डिझेल इंजिन आणि अॅल्युमिनियमची एक टोपी आणली होती. त्या इंजिनाला ईथर, घासलेट आणि एरंडेल तेल यांचे मिश्रण लागे. ते मिळविण्यासाठी दादांनी किती दुकाने पालथी घातली ते आम्ही पाहिले आहे. विमान दादांनी बांधले. दोन बारीक पोलादी तारांना बांधून आपल्याभोवती गोल फिरवायचे ते विमान होते. दादांना विमानदलात जायचे होते. अर्जाचा कागद त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवला होता.

टोपी बसविण्याचे काम त्यांनी विश्वासाने आमच्याकडे दिले. प्रोपेलर लाकडाचा होता आणि मुळाशी जाड होता. टोपीची खाच वाढवायला हवी होती. पण ती टोपी! आरशासारखी लखलखीत, परदेशी. तिच्यावर कानस चालवायचे आमच्या जिवावर आले. आम्ही पात्याची मुळे घासली, एक चरा खोल गेला, त्यावर वार्निश फासले आणि टोपी चढविली. ती अशी सुरेख बसली की दादांनी आमच्या पाठीवर थाप मारली. शेवटचा नट त्यांनी स्वतः आवळला आणि पाव फेरा जास्तच दिला. लाकूड किंचित कुरकुरल्याचे आम्ही दोघांनीही ऐकले.

भातकापणी झालेल्या शेतात आम्ही विमान नेले. इंजिन सुरू झाले. आम्ही मागे शेपटी धरून होतो. दादा बाजूला उकिडवे बसून तेलाची सुई फिरवीत होते. त्यांचा चेहरा पात्यांच्या रेषेत होता. आवाज चढत गेला आणि एकाएकी फटाका फुटावा तसे झाले. एक पाते मुळापासून तुटून गेले. त्याने दादांची भुवई फाडली आणि डोळा दुखावला. डोळा वाचला, पण नजर अधू झाली. आईने पुढे कितीतरी वर्षे 13 डिसेंबरला, संत लुसीच्या सणाला, उपवास केला. तो अर्ज मात्र प्रार्थनेच्या पुस्तकातच राहिला. दादा शिक्षक झाले. चांगले शिक्षक झाले.

घरातले, शेजारचे, सर्वजण म्हणाले की नट फार आवळला म्हणून लाकूड फाटले. दादांनीही तेच मानले. आम्ही काही बोललो नाही. त्या रात्री मोडक्या प्रोपेलरचा उरलेला तुकडा आम्ही न्हाणीघराच्या चुलीत घातला. वार्निशामुळे तो भुरकन पेटला.

नाताळापूर्वी आम्ही पापनिवेदनाला गेलो तेव्हा मात्र हे सांगितले. फादर वृद्ध होते. ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले. देवाने क्षमा केली आहे, आता घरी जाऊन भावालाही सांग, एवढेच त्यांनी आम्हांला सांगितले. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जाण्याविषयीचे शुभवर्तमान आम्ही त्यानंतर देवळात दरवर्षी ऐकत आलो आहोत. ऐकताना मान खाली घातली आहे आणि घरी येऊन जेवायला बसलो आहोत.

अशा गोष्टी लपविल्या की संपतात असे माणसाला वाटते. त्या संपत नाहीत. दादा त्या दिवसापासून कोणतीही गोष्ट पुरती आवळीत नाहीत. सायकलचे चाक ढिले राहून ते दोनदा पडले. घरातला नळ गळत राही. आवळा म्हटले की म्हणत, नको, आटे जातील. वर्गातल्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले असेल की अतिरेक करू नये, मी एकदा पाव फेरा जास्त दिला आणि डोळा गमावला. आमच्या मौनावर एका सज्जन माणसाने आपल्या आयुष्याचा धडा रचला होता आणि तो धडाच चुकीचा होता.

हे सारे त्या सकाळी प्रोपेलर हातात धरून आमच्या मनात आले. नातू वाट पाहत उभा होता. प्रथम आम्ही फिटरच्या आडोशाला गेलो. पाटीवर त्याला हिशेब मांडून दाखविला. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 200. दहा इंची प्रोपेलरचे टोक तेव्हा ताशी सुमारे 575 किलोमीटर वेगाने धावत असते. केंद्रापासून अडीच सेंटिमीटरवर एक ग्रॅम वजन जरी एका बाजूला जास्त झाले, तरी ते दांड्याला सुमारे चार किलोच्या जोराने ओढते. आणि पाते स्वतः? दहा ग्रॅमचे पाते, त्याचे वजन केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर एकवटले आहे असे धरले, तर आपल्याच मुळाला सुमारे 80 किलोच्या जोराने बाहेर खेचते. तो सारा भार ज्या जागेवर येतो, नेमकी तीच जागा तू कोरलीस. "टोपीची खाच वाढव, पात्याला हात लावू नकोस. टोपी खरवडली गेली तर डोळ्याला वाईट दिसेल. पाते तुटले तर डोळाच जाईल."

शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि ओटीवर शांतता पसरली. दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवले होते.

आता पुढे जाणे किंवा पुन्हा दुसरीकडे पाहणे, एवढे दोनच मार्ग होते. आम्ही उठलो, प्रोपेलर घेऊन त्यांच्यापाशी गेलो आणि खुर्चीजवळच्या पायरीवर बसलो. "दादा," आम्ही म्हणालो, "तेव्हा तुमचा नट नव्हता. मी मुळं घासली होती. अशीच. वार्निश लावून झाकलं होतं. तुकडा मी चुलीत घातला." एवढी चार वाक्ये. पन्नास वर्षे ती घशाशी अडकली होती आणि म्हणायला अर्धे मिनिटही लागले नाही.

दादांनी हात पुढे केला. प्रोपेलर घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्याने मूळ चाचपले. अंगठा चऱ्यापाशी थांबला, मागे गेला, पुन्हा तेथे आला. आम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहू शकलो नाही. रागाने बोलतील, रडतील, उठून आत जातील, असे सर्व मनात येऊन गेले.

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाले, "नट मी बरोबर आवळला होता."

त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत. दुपारी जेवताना त्यांनी आमच्या ताटात वाढले नाही, एरवी ते वाढतात. संध्याकाळी देवळाची घंटा झाली तेव्हा मात्र ओटीवरून हाक आली, "अरे, जपमाळेला येतोस ना?" आम्ही गेलो. आमच्या घरात क्षमा मोठ्या शब्दांत कोणी मागत नाही आणि देतही नाही. आम्हांला ती तेवढ्यातच पोचली.

दुसऱ्या दिवशी नातवाने जुना प्रोपेलर आमच्यासमोर मोडून टाकला, पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून. नवा आला. पातळ दांड्यावर आडवा तोलून धरला तेव्हा एक पाते खाली गेले. त्या जड पात्याचे टोक बारीक पॉलिशपेपरने हलके घासले, मूळ नव्हे, आणि प्रोपेलर जेथे ठेवावा तेथे थांबू लागला. मग टोपीच्या खाचा वाढविल्या. पात्याभोवती सगळीकडे सुमारे दीड मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. टोपी पात्याला कोठेही शिवता कामा नये. लाल रंग दोन ठिकाणी उडाला. नातू हळहळला, पण बोलला नाही. चकती विमानाच्या अंगाला घासत नाही ना हे पाहिले. टोपीच्या टोकापाशी पेन्सिल रोवून दांडा हाताने फिरवून पाहिला, टोक पेन्सिलीपासून सरकले नाही.

उरला नट. नातवाने पाना आमच्यापुढे धरला. आम्ही तो दादांच्या हातात दिला. त्यांनी पाना हातात घोळवला, आमच्याकडे एकदा पाहिले आणि नट आवळला. पुरता आवळला.

मुलाच्या आईने विमानाला लोरेटोच्या मातेची छोटी तसबीर टेकविली होती. पवित्र मातेचे नाझरेथचे घर देवदूतांनी उचलून लोरेटोला आणले अशी परंपरा आहे. म्हणून 1920 साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी तिला वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तिचा सण 10 डिसेंबरला असतो. तो नुकताच होऊन गेला होता.

विमान अंगणातल्या बाकाला घट्ट बांधून आम्ही इंजिन सुरू केले. या वेळी सर्वांना मागे उभे केले, पात्यांच्या रेषेत कोणीही नाही, दादा सर्वांत मागे. आवाज चढत गेला. पाती दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी धुरकट वर्तुळ तेवढे उरले. मध्यभागी ती लाल टोपी होती. खरी बसलेली टोपी कशी ओळखावी, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू की ती मिनिटाला बारा हजार फेरे घेत असते आणि पाहणाऱ्याला जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते.

दादांनी डावा डोळा बारीक करून तिच्याकडे पाहिले. "थरथरत नाही," ते म्हणाले. आणि इंजिन बंद झाल्यावर उठून न्हाणीघराकडे गेले. थोड्या वेळाने तिथून नळ आवळल्याचा आवाज आला.